थैली कोणाची, सत्ता कोणाची?

(सोलापूर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



ज्वारीचा भाव आणि कापसाची खरेदी यावर बोलायला आपण जमलो, आणि विषयपत्रिकेवर मात्र हायकोर्टाचे निकाल आणि निवडणुकीतला पैसा. काही जणांनी येतानाच विचारले, "याच्याशी आपल्याला काय करायचे आहे? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

म्हण खरी आहे. पण भाव कसा ठरतो ते बघा. निर्यात चालू ठेवायची की बंद करायची, आयातीवर ड्यूटी लावायची की माफ करायची, व्यापाऱ्याच्या साठ्यावर मर्यादा घालायची की नाही, हे दिल्लीत ठरते, आणि बाजारातला भाव त्याच्या मागून चालत येतो. दिल्लीत कोण बसणार हे निवडणुकीत ठरते. निवडणूक कशावर चालते हे आम्ही तुम्हाला सांगावे असे काही नाही. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीवर कोणाची गाडी येते हे तुम्ही पाहिलेले आहे. म्हणून भावाचा हिशोब मांडायचा तर सुरुवात थैलीपासून करावी लागते.

ही थैली गेल्या सत्तर वर्षांत वेगवेगळ्या हायकोर्टांपुढे अनेकदा आली. कधी न्यायाधीशांनी तिला हात घातला, कधी हात आखडता घेतला. दोन्ही वेळा पुढे काय झाले, ते आज मांडायचे आहे.

भागधारकाचे भांडण

सोलापूरकरांना भागधारकाचा खटला नवा नाही. आपली जुनी गिरणी, म्हणजे १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी, १९४९ साली बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून सरकारने तिचा कारभार हातात घेतला. सरकारने नेमलेल्या संचालकांनी भागधारकांकडे दर शेअरमागे आणखी ५० रुपये मागितले. एक भागधारक कोर्टात गेला. मुंबई हायकोर्टात तो हरला, आणि डिसेंबर १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकला. माझा पैसा मला न विचारता असा हिसकावता येणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते.

चार वर्षांनी, १९५७ साली, मुंबई हायकोर्टापुढे दुसरा भागधारक उभा राहिला. त्याचे नाव जयंतीलाल रणछोडदास कोटिचा. कंपनी होती टाटांची, जमशेदपूरला पोलाद करणारी. प्रत्येक कंपनीचा एक मेमोरँडम असतो, म्हणजे कंपनीने कोणकोणती कामे करावीत याचा लेखी कागद. टाटा कंपनीला त्या कागदात एक नवे काम घालायचे होते: राजकीय पक्षांना देणग्या देणे. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे असा बदल करायला कोर्टाची मंजुरी लागे. कोटिचा यांनी हरकत घेतली. पोलादाच्या धंद्यासाठी दिलेला पैसा पक्षाच्या प्रचाराला कसा लावता, असा त्यांचा सवाल होता.

कंपनीचे उत्तर सरळ होते. सरकारचे सध्याचे औद्योगिक धोरण टिकण्यात कंपनीचे हित आहे, तेव्हा ते धोरण चालवणाऱ्या पक्षाला मदत करणे हा धंद्याचाच भाग आहे.

अपील मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्यापुढे आले. त्यांनी निकालात जे लिहिले ते आजही वाचण्यासारखे आहे. हे प्रकरण हाताळताना मन अस्वस्थ होते, असे त्यांनी सुरुवातीलाच म्हटले. लोकशाही मतदारावर उभी असते, तिच्या झऱ्यातच पैसा मिसळला तर सगळे पाणी गढूळ होईल, हा धोका वाढत गेला तर उद्या लोकशाहीचा गळा घोटला जाईल, अशा आशयाचा इशारा त्यांनी दिला आणि संसदेने यात लक्ष घालावे असे सांगितले. एवढे सगळे लिहून झाल्यावर निकाल मात्र कंपनीच्या बाजूने दिला. कायद्यात मनाई नाही, कंपनीच्या फायद्याचे काय ते कंपनीने ठरवायचे, कोर्ट अडवू शकत नाही, असे कारण दिले.

या निकालावर तेव्हाही वाद झाला, आजही होतो. काही म्हणतात, न्यायाधीशांनी धोका ओळखला होता तर दार का उघडले? काही म्हणतात, न्यायाधीशाने कायदा आहे तसा लावायचा असतो, मनाला येईल तसा नाही. आम्हाला दुसरी बाजू जास्त पटते. कोर्टाने आपल्या मनाप्रमाणे कायदा वाकवायला सुरुवात केली, तर तो एक दिवस शेतकऱ्याच्या बाजूने वाकेल आणि दहा दिवस त्याच्या विरुद्ध. छागलांनी काम ज्याचे त्याच्याकडे सोपवले, म्हणजे संसदेकडे. संसदेने ते कसे केले, ते पुढे येईलच.

पोलाद देणगी देते, कापूस का देत नाही?

त्याआधी एक प्रश्न. पोलादाच्या कंपनीला सत्तेवरच्या पक्षाला पैसे द्यावेसे का वाटले? ती काही धर्मादाय संस्था नव्हती. १९५७ साली पोलादाचा भाव सरकार ठरवत होते. कारखाना वाढवायचा तर लायसन्स सरकारचे, यंत्र आणायचे तर परदेशी चलनाचा परवाना सरकारचा. ज्याच्या हातात किल्ली, त्याच्या हातावर काहीतरी ठेवावे लागते. हाताला किल्ली नसती तर देणगीही गेली नसती.

आता आपल्याकडे बघा. शेतीमालावरही सरकारचा हात तितकाच होता, खरे तर जास्त. महाराष्ट्रात १९७२ पासून सुमारे तीन दशके कापसाची एकाधिकार खरेदी चालली. आपल्या रानातला कापूस आपल्या मर्जीने विकायची आपल्याला बंदी. शेजारच्या राज्यात भाव चढा असेल तर गाडी सीमेवर अडवली जायची. पुढे एकाधिकार गेला, पण किल्ली दिल्लीच्या हातात राहिली. ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने एका फटक्यात कापसाची निर्यात बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसाच्या आयातीवरची ११ टक्के ड्यूटी माफ केली, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवून. नवा कापूस बाजारात येण्याचे तेच दिवस. त्याच हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर झाला होता. एका हाताने भाव जाहीर केला आणि दुसऱ्या हाताने परदेशी कापसाला दार उघडले.

या निर्णयांमागे कोणाची देणगी होती असा आमचा आरोप नाही. पुरावा नसताना आरोप करायचा नाही, हा आपला नेम आहे. पण ड्यूटी काढा अशी मागणी गिरणीवाल्यांनी केली होती, हे सगळ्या वर्तमानपत्रांत आले. त्यांची मागणी दिल्लीला ऐकू येते. आपण रस्ता अडवला, लाठ्या खाल्ल्या, तरी आपली ऐकू येत नाही. कारण पोलादवाले आणि गिरणीवाले मोजके आहेत, एका खोलीत बसतात, एक चेक लिहितात. कापूस आणि ज्वारी पिकवणारे लाखो, प्रत्येकाच्या घरी दहा-वीस क्विंटल. आपण वर्गणी काढली तर ती मेळाव्याच्या मंडपाला पुरत नाही. पैशाच्या तराजूत आपण कायम वरच्या पारड्यात, हलके.

कोर्टाने म्हटले, सरकारने पुसले

आता संसदेने काय केले ते पाहू. छागलांच्या निकालानंतर १९६० मध्ये कायद्यात देणगीला मर्यादा घातली. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली. बंदीने देणगी थांबली नाही, चेकची पेटी झाली. १९८५ मध्ये बंदी उठली आणि नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत देणगी चालेल असे ठरले. २०१३ मध्ये ती मर्यादा साडेसात टक्के झाली. २०१७ मध्ये मर्यादाच काढून टाकली. त्याकडे नंतर येऊ.

उमेदवाराच्या खर्चाचे काय झाले, तेही ऐका. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्लीच्या सदर मतदारसंघातून अमरनाथ चावला निवडून आले. कंवरलाल गुप्ता यांनी मर्यादेपेक्षा जास्त खर्च झाल्याची तक्रार केली. दिल्ली हायकोर्टाने ती फेटाळली. ऑक्टोबर १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल फिरवला आणि निवडणूक रद्द केली. उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे, असे कोर्टाने सांगितले. अगदी सरळ न्याय. पण त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला: पक्षाने आणि मित्रांनी केलेला खर्च उमेदवाराचा खर्च समजायचा नाही. झाले. उमेदवाराला मर्यादा, पक्षाला मोकळे रान.

१२ जून १९७५ चा अलाहाबाद हायकोर्टाचा निकाल आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवतो. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द केली. राजनारायण यांनी खर्चाचाही आरोप केला होता, तो टिकला नाही. टिकले ते दोन आरोप: सरकारी नोकराला प्रचाराला लावले आणि सरकारी अधिकाऱ्यांकडून व्यासपीठ व वीज यांची सोय करून घेतली. पुढे आणीबाणी आली, ऑगस्टमध्ये निवडणुकीचा कायदा मागच्या तारखेपासून बदलला आणि ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सुप्रीम कोर्टाने निवडणूक कायम केली. थोडक्यात, पेपर तपासून झाल्यावर अभ्यासक्रम बदलला.

हे एकाच पक्षाचे काम आहे असे कोणी समजू नये. नोव्हेंबर २००० मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितले, उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरचे खटले मतदाराला कळले पाहिजेत. सुप्रीम कोर्टाने मे २००२ मध्ये ते उचलून धरले. यावर एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले आणि ऑगस्टमध्ये वटहुकूम निघाला. शेवटी मार्च २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा मोडीत काढला, म्हणून आज उमेदवाराचे शपथपत्र आपल्याला वाचायला मिळते.

सगळ्यांत मासलेवाईक गोष्ट २०१४ ची. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी वेदांत या परदेशी कंपनीच्या इथल्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन परदेशी देणग्यांचा कायदा मोडला आहे. कारवाई करा, असा आदेश होता. कारवाई झाली नाही. २०१६ च्या अर्थविधेयकात परदेशी कंपनीची व्याख्या बदलली, २०१० पासून लागू. तेवढ्याने जुन्या देणग्या सुटत नव्हत्या, म्हणून २०१८ मध्ये पुन्हा बदल केला, ५ ऑगस्ट १९७६ पासून लागू. बेचाळीस वर्षे मागे जाऊन दोघांची पाटी कोरी झाली.

शेतकरी म्हणतो, दुष्काळाच्या वर्षाचे व्याज माफ करा. उत्तर मिळते, मागच्या तारखेने काही करता येत नाही, नियमात बसत नाही. आता नियम कसे बसवतात ते आपल्याला माहीत झाले.

नांदेडच्या पुरवण्या

आपल्या राज्यातले उदाहरण घेऊ. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत नांदेड जिल्ह्यातल्या भोकर मतदारसंघातून तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण उभे होते. त्या काळात मोठ्या मराठी दैनिकांत 'अशोकपर्व' या मथळ्याखाली त्यांच्या कारकिर्दीचे गुणगान करणारी पानेच्या पाने आली. जाहिरात असल्याचा शिक्का नाही, बातमी म्हणून. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे उजेडात आणले. उमेदवाराच्या खर्चाच्या हिशोबात वर्तमानपत्रातील जाहिरातींपुढे आकडा होता ५,३७९ रुपये. चव्हाणांचे म्हणणे असे की तो मजकूर वर्तमानपत्रांनी आपणहून छापला, आपण पैसे दिले नाहीत.

विरोधी उमेदवार माधव किन्हाळकर यांनी तक्रार केली. खर्चाचा हिशोब खरा आहे की नाही हे तपासण्याचा निवडणूक आयोगाला अधिकारच नाही, असा वाद आधी लढवला गेला. तो सुटायला मे २०१४ उजाडले. सुप्रीम कोर्टाने सांगितले, अधिकार आहे. जुलै २०१४ मध्ये आयोगाने हिशोब कायद्याप्रमाणे नाही असे ठरवून नोटीस काढली. सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने ती रद्द केली. प्रकरण संपले. २००९ च्या निवडणुकीचा हिशोब २०१४ मध्ये मिटला, तेव्हा पुढची विधानसभा निवडणूक लागली होती.

मध्य प्रदेशचे तेव्हाचे मंत्री नरोत्तम मिश्रा यांचेही तसेच. २००८ च्या निवडणुकीतल्या पैसे देऊन छापलेल्या बातम्यांवरून आयोगाने त्यांना जून २०१७ मध्ये अपात्र ठरवले, आणि मे २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला. पहिले तेव्हा काँग्रेसचे होते, दुसरे भाजपचे. पैसे दिल्याची पावती कोणी ठेवत नाही, आणि पावतीशिवाय कोर्ट पुरावा मानत नाही. न्यायाधीशाच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी हीच अडचण आली असती. म्हणून केवळ कोर्टाला दोष देऊन भागत नाही. थैली रिकामी होताना जे बघतात त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले नाही, तर पाच वर्षांनी न्यायाधीश काय करणार?

रोख्यांचा कारभार

२०१७ मध्ये सरकारने निवडणूक रोखे आणले, जानेवारी २०१८ पासून ते चालू झाले. स्टेट बँकेतून रोखा विकत घ्यायचा, पक्षाला द्यायचा, पक्षाने वटवायचा. देणाऱ्याचे नाव मतदाराला कळणार नाही. शिवाय नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा उठल्याने तोट्यातली कंपनीही देणगी द्यायला मोकळी. आमचा अडाणी प्रश्न असा, की जी कंपनी तोट्यात आहे ती देणगी देते तेव्हा तो पैसा असतो कोणाचा?

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली, आणि मर्यादा उठवणारी दुरुस्तीही रद्द केली. छागलांनी १९५७ साली ज्या धोक्याकडे बोट दाखवले, तोच सदुसष्ट वर्षांनी न्यायाधीशांना पुन्हा सांगावा लागला. तोपर्यंत सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. मार्च २०२४ मध्ये बँकेला नावे जाहीर करावी लागली. एप्रिल २०१९ नंतर वटवलेल्या रोख्यांत केंद्रात सत्तेवर असलेल्या भाजपला सुमारे ६,०६० कोटी, बंगालमध्ये सत्तेवर असलेल्या तृणमूलला सुमारे १,६०० कोटी आणि काँग्रेसला सुमारे १,४०० कोटी मिळाले. तृणमूल एका राज्याचा पक्ष, तरी काँग्रेसच्या पुढे. जिथे सत्ता तिथे थैली, हा हिशोब पक्षाचा झेंडा बघत नाही.

योजना गेली, पण ज्यांनी त्या पैशावर निवडणुका जिंकल्या त्या जिंकलेल्याच राहिल्या.

आपल्या गावातली थैली

दिल्लीला शिव्या देणे सोपे आहे. आता घरचे बोलू.

जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. कारण तिथे पदांचा लिलाव झाला होता. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली. पैसा देवळाला जाणार होता, म्हणून त्यात वावगे काही नाही असे गावाला वाटले. गावाच्या कारभाराचा सौदा देवाच्या दारात झाला तरी तो सौदाच. ज्याने दोन कोटी मोजले, तो ते कुठून काढणार? गावातूनच.

आपल्या जिल्ह्यात लिलावाची गरज पडत नाही, रीत वेगळी आहे. जिथे मतदार मोजके, मग ती सहकारी बँक असो की विधान परिषदेची जागा, तिथे मतदारांना सहलीला नेतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. विधानसभेला कारखान्यांच्या गाड्या फिरतात, कारखान्याचे कर्मचारी बूथवर बसतात. डिझेल कोणाच्या खात्यावर पडते? सभासदाच्या. कोटिचांचा सवाल इथे लागू आहे. धंद्यासाठी दिलेला पैसा प्रचाराला कसा लावता, हे विचारायला टाटांच्या कंपनीत एक भागधारक तरी उभा राहिला. आपल्याकडे हजारो सभासदांच्या वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर' म्हणून दहा मिनिटांत सभा संपते आणि सगळे जेवणाच्या मांडवाकडे वळतात.

आणि ती रात्रीची नोट. समजा, एका मताला पाचशे रुपये मिळाले. पाच वर्षांचे दिवस अठराशे पंचवीस. दिवसाला सत्तावीस पैसे पडले. उलट बाजूला, एका सरकारी निर्णयाने कापूस क्विंटलमागे पाचशे रुपयांनी उतरला आणि तुमच्या घरी वीस क्विंटल असला, तर एका हंगामात दहा हजार गेले. पाचशे देऊन दहा हजार नेणारा सावकार गावात आला असता तर आपण त्याला वेशीबाहेर काढले असते.

मायबहिणींना एक वेगळे सांगायचे आहे. ती नोट बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात पडते आणि घरातल्या चार मतांचा सौदा एकटाच करून येतो. तुमचे मत विकायचा अधिकार त्याला कोणी दिला, हे त्याला त्याच रात्री विचारा.

पैशाशिवाय निवडणूक होतच नाही, असे म्हणणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्यात उत्तर आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ ते २०१४ या काळात अकरा वेळा निवडून आले. त्यांचा शेतकरी कामगार पक्ष समाजवादी विचाराचा. बाजार आणि सरकार यांबद्दल त्यांचे आणि आमचे कधी जुळले नाही. पण साधे राहून, लोकांत राहून, दुष्काळी तालुक्यात पन्नास वर्षे मते मिळवता येतात, हे त्यांनी दाखवले. सांगोल्याच्या मतदारानेही दाखवले, हे जास्त महत्त्वाचे.

करायचे काय?

आंदोलनाच्या बैठकीतून केवळ हळहळ घेऊन घरी जायचे नसते. चार कामे सांगतो.

पहिले, हिशोब बघा. आज महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख खर्चाची मर्यादा आहे. प्रचार चालू असताना खर्च निरीक्षक उमेदवाराची वही निदान तीनदा तपासतो. निकालानंतर तीस दिवसांच्या आत संपूर्ण हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो हिशोब कोणीही नाममात्र फी भरून पाहू शकतो. किती सभा झाल्या, किती गाड्या फिरल्या, किती जेवणावळी उठल्या, हे तारीख आणि गावानिशी आपल्या वहीत लिहा, फोटो काढा, आणि त्याच्या वहीशी ताडून पाहा.

दुसरे, मुदत लक्षात ठेवा. निवडणूक अर्ज हायकोर्टात निकालापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत करावा लागतो. उमेदवाराने तिसाव्या दिवशी हिशोब दिला तर आपल्या हातात पंधरा दिवस उरतात. तेवढ्यात तयारी होत नाही. तयारी प्रचाराच्या पहिल्या दिवसापासून हवी. हा अर्ज फक्त पडलेल्या उमेदवारानेच करायचा असतो असे नाही, त्या मतदारसंघातला साधा मतदारही करू शकतो. अनामत दोन हजार रुपये. वकिलाचा खर्च वेगळा. हायकोर्ट दूर आहे म्हणून आपण गप्प बसायचो. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचला जोडला गेला आहे, एवढे अंतर तरी कमी झाले. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांचे नियम आणि मुदती वेगळ्या आहेत, त्या आपल्या तालुक्याच्या वकिलाकडून आधीच लिहून घ्या.

तिसरे, संस्थेची वार्षिक सभा. कारखाना, सूतगिरणी, सोसायटी, बँक, जिथे आपण सभासद आहोत तिथे निवडणुकीच्या वर्षी वाहनखर्च आणि देणग्या यांचा तपशील लेखी मागा. एकट्याने मागितला तर माइक बंद करतात. म्हणून पंचवीस जणांनी सह्या करून आधी अर्ज द्या.

चौथे काम सगळ्यांत मोठे, आणि त्याशिवाय पहिल्या तिघांचे फळ टिकणार नाही. किल्ली काढून घ्या. काही विद्वान म्हणतात, निवडणुकीचा खर्च सरकारने करावा म्हणजे पैशाचा जोर कमी होईल. सरकार खर्च करणार म्हणजे करातून, म्हणजे पुन्हा आपल्याच खिशातून. आणि वरची थैली चालूच राहील. पोलादाचा भाव आणि लायसन्स सरकारच्या हातात होते, म्हणून पोलादवाला दारात उभा राहिला. जोपर्यंत एका सहीने कापसाची निर्यात बंद होते, एका सहीने ड्यूटी माफ होते, तोपर्यंत त्या सहीला किंमत राहणार, आणि ती मोजणारेही राहणार. शेतीमालाच्या बाजारातून सरकारचा हात निघाला तर त्या सहीसाठी थैली घेऊन कोणी जाणार नाही. म्हणून निर्यातबंदीविरुद्धचे आपले आंदोलन आणि निवडणुकीतल्या पैशाविरुद्धचे हे काम, दोन्ही एकच आहे.

कोर्टावर आमचा राग नाही. कोर्टाने १९५७ ला इशारा दिला, १९७४ ला हिशोब लावला, २००३ ला शपथपत्र मिळवून दिले, २०२४ ला रोखे रद्द केले. पण प्रत्येक वेळी कोर्टाने एक दार लावले की सत्तेवर असलेल्यांनी दुसरे उघडले. न्यायाधीश गावोगाव राखण करू शकत नाहीत. ज्वारी हुरड्यात आली की आपण पाखरे हाकायला कोर्टात अर्ज करतो का? गोफण घेऊन माळ्यावर आपणच चढतो.

आज उठण्यापूर्वी प्रत्येक तालुक्याने दोन नावे द्यावीत, एक पुरुष आणि एक बाई. पुढच्या निवडणुकीत खर्चाची वही त्या दोघांनी ठेवायची. कोरी वही आणि उमेदवाराच्या खर्चाच्या दरांची यादी जिल्हा कार्यालयातून मिळेल. नावे लिहून घेण्याचे काम आताच सुरू करू या.